पगारवाढ वर्षांवर की कामावर?

वाचकाचं पत्र

मी एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात फिटर आहे. नोकरीला सहा वर्षं झाली. आमच्याकडे युनियन आहे आणि पगार पूर्णपणे सीनिऑरिटीवर ठरतो. दरवर्षी एक इन्क्रिमेंट, आणि शेवटच्या टप्प्याला पोचायला २४ वर्षं. माझ्याच शिफ्टला एक ज्येष्ठ फिटर आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. काम दोघांचं एकच, पण त्यांचा पगार माझ्या जवळजवळ दुप्पट. मागच्या महिन्यात रात्रपाळीला कॉम्प्रेसर बंद पडला. मी तीन तास त्याच्याखाली होतो आणि दादा स्टुलावर बसून होते. मध्ये एकदा म्हणाले, "आधी व्हॉल्व्ह प्लेट बघ." तेवढंच.

आता नव्या वेतनकरारासाठी मॅनेजमेंटने प्रस्ताव दिलाय. वार्षिक इन्क्रिमेंट बंद करायचं, त्याऐवजी सुपरवायझर दरवर्षी १०० पैकी गुण देणार आणि त्यावर वाढ ठरणार. वाढीची एकूण रक्कम आधीच ठरलेली आणि सगळ्यात वरची श्रेणी पाचातल्या एकालाच. आम्हा तरुण पोरांपैकी बऱ्याच जणांना हे पटतंय. कार्यकारिणी म्हणते, याच्या बाजूने हात वर करणारा युनियनचा नाही. पुढच्या आठवड्यात सर्वसाधारण सभा आहे. मी कोणत्या बाजूला उभं राहू? आणि केलेल्या कामाचा मोबदला मागणं ही गद्दारी आहे का?

उत्तर

गद्दारी अजिबात नाही. कार्यकारिणी असं म्हणाली असेल तर तिचं चुकलं. वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक सभासदाला करारावर बोलायचा हक्क आहे, आणि ज्या युनियनमध्ये तरुणांना गप्प बसवलं जातं तिथून तरुण हळूहळू निघून जातात. शिवाय तुमची तक्रार खरी आहे. सहा वर्षांत ज्याच्या हातात काम बसलंय अशा फिटरला, तेच काम करणाऱ्या दुसऱ्याच्या निम्मा पगार मिळावा, याचं समर्थन मला करता येत नाही.

तरीही माझा सल्ला असा की सभेत या प्रस्तावाच्या विरोधात मत द्या. तुमच्या दुखण्यावर औषध हवंच आहे, पण हे औषध त्यावरचं नाही.

प्रस्तावातला एक शब्द जरा जवळून बघा: सुपरवायझर. गुण तो देणार. कशावर देणार? मेंटेनन्सच्या कामाची अडचण अशी की सगळ्यात चांगलं काम कुणाला दिसतच नाही. मंगळवारी एकाने बेअरिंगला नीट ग्रीस भरलं, कपलिंगची अलाइनमेंट तपासली, एक सैल बोल्ट आवळला. शुक्रवारी मशीन व्यवस्थित चाललं, म्हणून कुणी त्याच्याकडे आलं नाही. दुसऱ्याने मंगळवारी काहीच केलं नाही, शुक्रवारी मशीन बसलं, आणि तो अख्खी पाळी घाम गाळून ते चालू करून देतो. साहेब समोर उभे, शाबासकी त्याला. वर्षअखेरीला जास्त गुण कुणाला पडतील, सांगा. इथे सुपरवायझर प्रामाणिक असला तरी फसेल. आणि नसला तर "सहकार्याची वृत्ती", "कामातील तत्परता" असले रकाने पुढेपुढे करणाऱ्यांसाठीच असतात. असा गुणांचा तक्ता तुमच्या प्रस्तावाला जोडला असेल तर तो मागून घ्या आणि प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे मोजणार कसं?

आता तुमच्या कॉम्प्रेसरकडे येतो. दादा म्हणाले, व्हॉल्व्ह प्लेट बघ, आणि तुम्ही लिहिलंत, तेवढंच. प्लेट खरोखर खराब निघाली की नाही, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. निघाली असेल तर त्या एका वाक्याने तुमचा किती वेळ वाचवला याचा हिशेब स्वतःशी करून बघा. निघाली नसेल तर गोष्ट वेगळी. पण समजा निघाली, आणि समजा नवा प्रस्ताव लागू झालाय. वाढीची रक्कम ठरलेली, वरची श्रेणी पाचातल्या एकाला. म्हणजे तुम्हाला मिळणारा प्रत्येक जास्तीचा गुण दादांच्या किंवा आणखी कुणाच्या ताटातून येणार. पुढच्या ब्रेकडाऊनला ते तुम्हाला प्लेटचं सांगतील का? आणि तुम्ही स्वतः, दोन वर्षांनी, नव्याने आलेल्या पोराला सांगाल का? मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीत कर्मचाऱ्यांना असं एकमेकांच्या तुलनेत ठरावीक श्रेणींत बसवण्याची पद्धत बरीच वर्षं होती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाशीच स्पर्धा करावी लागते, ही तिथल्या लोकांची मोठी तक्रार होती. २०१३ साली कंपनीने ती पद्धत बंद केली. तिथे निदान काम टेबलावरचं होतं. तुमच्या कामात शेजारच्याने न सांगितलेल्या गोष्टीमुळे बोटं जाऊ शकतात.

कामावर आधारित पगार सगळीकडेच फसतो असं मी म्हणत नाही. १९९४-९५ च्या सुमारास अमेरिकेत सेफलाइट या मोटारींच्या काचा बसवणाऱ्या कंपनीने तासाचा पगार बंद करून काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लझीर यांनी त्या सगळ्या नोंदी तपासल्या. दर कामगारामागे उत्पादन ४४ टक्क्यांनी वाढलं होतं. साधारण निम्मी वाढ त्याच माणसांनी जास्त काम केल्यामुळे होती, उरलेली बरीचशी चपळ माणसं टिकल्यामुळे आणि नवी चपळ माणसं आल्यामुळे. हा निकाल फार गाजला आणि मॅनेजमेंटची बाजू मांडणारे लोक तो आवर्जून सांगतात. पण तिथलं काम कसं होतं ते बघा. एक कामगार, एक गाडी, एक काच. संध्याकाळी मोजायचं, संपलं. काच नीट बसली नाही तर ती कुणी बसवली हे लगेच कळायचं आणि त्यालाच ती पुन्हा बसवून द्यावी लागायची. कुणाच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. शिवाय काचा कमी बसल्या तरी तासाच्या किमान पगाराची हमी होती. वाटाघाटीला बसणाऱ्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा: पद्धत बदलल्यामुळे त्याच कामगाराचा पगार वाढला तो सुमारे १० टक्के. म्हणजे त्याने वाढवलेल्या कामाच्या निम्म्याहूनही कमी.

तुमच्या विभागात असं काही मोजता येईल का? किती ब्रेकडाऊन दुरुस्त केले ते मोजलंत, तर ब्रेकडाऊन होऊ देणं फायद्याचं ठरेल. ब्रेकडाऊन किती कमी झाले ते मोजलंत, तर ज्याच्या वाट्याला जुनाट मशिनं आली तो मारला जाईल. मशिनं कुणाच्या वाट्याला कोणती द्यायची हे ठरवणार पुन्हा सुपरवायझरच.

सीनिऑरिटी आली कुठून, हे तुमच्या पिढीला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. ते काम कार्यकारिणीचं होतं आणि ती त्यात कमी पडली असं तुमच्या पत्रावरून दिसतं. जुन्या कामगारांना म्हातारपणाचा मान म्हणून ती मिळालेली नाही. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात जनरल मोटर्सच्या कामगारांनी ३० डिसेंबर १९३६ पासून कारखान्यातच ठाण मांडून ४४ दिवसांचा संप केला. त्या काळी मंदीत किंवा गाडीचं मॉडेल बदलताना कुणाला घरी पाठवायचं आणि परत कुणाला बोलवायचं हे सर्वस्वी फोरमनच्या, म्हणजे तिथल्या सुपरवायझरच्या, हातात असे. नोकरी टिकावी म्हणून कामगार फोरमनला भेटी नेऊन देत, सुट्टीच्या दिवशी त्याच्या घराला रंग काढून देत. संपानंतर झालेल्या करारात ज्येष्ठतेचे नियम लिहिले गेले. तिथल्या कामगारांना साधा एक निकष हवा होता, ज्यात कुणी ढवळाढवळ करू शकणार नाही. कामावर हजर झाल्याची तारीख साहेबाला बदलता येत नाही. सीनिऑरिटीची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे. तुमच्यापुढचा प्रस्ताव ही तारीख काढून तिथे पुन्हा फोरमनची मर्जी बसवतोय, आणि म्हणून मी विरोधात मत द्या म्हणतो.

पण तारखेवर सगळंच सोडून द्यावं का? माझ्या मते नाही. १९८० मध्ये जेम्स मेडॉफ आणि कॅथरीन अब्राहम या अभ्यासकांनी दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांतल्या व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. एकाच ग्रेडमध्ये ज्यांची नोकरी जास्त त्यांचा पगार जास्त होता, पण वरिष्ठांनी कामाला दिलेली श्रेणी त्या प्रमाणात वरची नव्हती. आणि ही माणसं युनियनमधली नव्हती. म्हणजे वर्षांप्रमाणे पगार वाढवणं ही काही फक्त युनियनची सवय नाही, मालकही आपणहून तेच करतात. का करतात, याचं एक उत्तर लझीर यांनीच १९७९ मध्ये मांडलं: सुरुवातीला माणसाला त्याच्या कामाच्या मानाने थोडं कमी द्यायचं आणि पुढे थोडं जास्त, म्हणजे तो टिकून राहतो आणि मन लावून काम करतो.

या हिशेबाने बघितलंत तर दादांचा आजचा पगार हा त्यांच्या आजच्या एका पाळीचा मोबदला नाही. तुमच्यासारखीच सहा वर्षं त्यांनीही कमी पगारावर काढली आहेत आणि त्यातलं राहिलेलं त्यांना आता मिळतंय. मधेच नियम बदलला तर त्यांचं ते येणं बुडतं. दादांवर रागावण्याआधी एवढं लक्षात घ्या.

मात्र हाच हिशेब तुमच्या बाजूने लावला की कार्यकारिणीला उत्तर देणं जड जाईल. दादांना २४ वर्षं नोकरी मिळाली. तुम्हाला मिळेल याची हमी कोण देतंय? विभाग बंद होतात, काम कंत्राटावर जातं, मशिनं बदलतात. २४ वर्षांनी मिळणाऱ्या पूर्ण पगाराचं आश्वासन तुमच्या पिढीला पूर्वीइतकं मोलाचं वाटत नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. तुमचा खरा झगडा सीनिऑरिटीशी नसून या २४ आकड्याशी आहे. हातात काम बसायला सहा-सात वर्षं पुरत असतील तर पूर्ण पगाराला पोचायला चौपट काळ का लागावा? अमेरिकेतल्या वाहन कामगारांच्या युनियनने २०२३ च्या संपात हाच मुद्दा लावून धरला. तीन बड्या कंपन्यांमध्ये नव्या कामगाराला वरच्या दरापर्यंत पोचायला आठ वर्षं लागत होती, ती करारात तीनवर आली. सीनिऑरिटी तशीच राहिली, नुसत्या पगाराच्या पायऱ्या कमी झाल्या. तरुणांच्या पगारात मोठी उडी पडली आणि एकाही सुपरवायझरच्या हातात गुणपत्रिका गेली नाही.

पायऱ्या कमी करण्याचं आणखी एक कारण आहे. ज्या बाईने बाळंतपणासाठी किंवा घरच्या आजारपणासाठी मधली काही वर्षं सोडली, तिला लांबलचक पायऱ्यांचा फटका निवृत्तीपर्यंत बसतो. २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनमधल्या एका महिला निरीक्षकाच्या पगाराच्या खटल्यात निकाल दिला. तिच्या हुद्द्यावरच्या पुरुषांचा पगार निव्वळ जास्त नोकरीमुळे जास्त होता. न्यायालयाने म्हटलं की अनुभवाने माणूस साधारणपणे चांगलं काम करतो, म्हणून नोकरीची वर्षं हा निकष चालेल. पण एखाद्या कामात तो लागू पडतो की नाही याबद्दल कर्मचाऱ्याने गंभीर शंका उभी केली, तर मालकाला तो सिद्ध करावा लागेल. मला ही भूमिका शहाणपणाची वाटते. वर्षांना मान आहे, पण ती कोणत्या कामात किती उपयोगी पडतात हे विचारायची मुभाही आहे.

मग सभेत मागायचं काय? पहिली मागणी पायऱ्यांची, ती वर आलीच. दुसरी कौशल्याच्या ग्रेडची, आणि इथे तुमच्या कसबाला जागा आहे. वेल्डिंग, अलाइनमेंट, हायड्रॉलिक्स, कंट्रोल पॅनलमधला बिघाड शोधणं, अशी कामं वेगवेगळी लिहून काढायची. प्रत्येकाची प्रत्यक्ष हाताने करायची चाचणी ठेवायची. परीक्षक मंडळात युनियनचा माणूस असलाच पाहिजे. जो पास होईल त्याच्या मूळ पगारात ठरलेली वाढ, मग पाच जण पास होवोत की पन्नास. नापास झालेल्याला पुन्हा बसता आलं पाहिजे आणि का नापास झाला हे लेखी मिळालं पाहिजे. कोटा नाही, तुलना नाही. तुम्ही पास झालात म्हणून दादांचं काही कमी होत नाही, उलट चाचणीच्या तयारीसाठी तुम्ही त्यांच्याकडेच जाल. म्हणून याच्या जोडीला शिकवण्याचा भत्ता मागा: ज्याच्या हाताखाली शिकून कुणी चाचणी पास होईल, त्यालाही पैसे. स्टुलावरून सांगितलेल्या वाक्याला मोल द्यायचा मला दिसणारा सगळ्यात सरळ मार्ग हाच आहे. रात्री-अपरात्री बोलावून घेतात त्याचा, आणि अडचणीच्या, धोक्याच्या जागी काम केल्याचा भत्ता वेगळा मागा. तीन तास कॉम्प्रेसरखाली जो असेल त्याला मिळेल, वय काहीही असो. एवढ्यावर मॅनेजमेंटला कामगिरीचा बोनस हवाच असेल तर तो अख्ख्या विभागाला मिळून द्यावा.

युनियन आणि गुणवत्ता यांचं वाकडं आहे, हा समज कार्यकारिणीतही असतो आणि मॅनेजमेंटमध्येही. अमेरिकेतल्या चित्रपट कलावंतांची युनियन किमान मानधन ठरवते, त्याच्यावर कुणाला किती मिळवता येईल ते ज्याचं त्याने बघावं. तिथल्या बेसबॉल खेळाडूंच्या करारातही किमान पगार आहे. पगाराचा वाद लवादाकडे नेण्याचा हक्क साधारण तीन वर्षांच्या सेवेनंतर येतो, कुठल्याही संघाशी मोकळेपणाने बोलणी करण्याचा सहा वर्षांनंतर. सेवाकाळही आहे आणि गुणवत्ताही. अर्थात मैदानावरचा खेळ हजारो लोक बघतात, तिथे गुणवत्ता लपत नाही. तुमचा विभाग तसा नाही, म्हणून मी चाचणीवर एवढा भर देतोय.

एक सावधगिरी मात्र घ्या. युनियनने स्वतः आखलेली योजनाही बिघडू शकते. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात शिक्षकांच्या युनियनने शाळा प्रशासनाबरोबर बसून कामगिरीचे बोनस असलेली वेतनपद्धत तयार केली आणि २००४ मध्ये शिक्षकांनी मतदान करून ती स्वीकारली. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथलेच शिक्षक त्याच पद्धतीवरून संपावर गेले. बोनस दरवर्षी बदलत आणि पुढच्या वर्षी पगार किती येईल हे शिक्षकांना सांगता येत नसे. तीन दिवसांच्या संपानंतर त्यांनी पायऱ्यांचा स्पष्ट तक्ता मिळवला. कोणताही प्रस्ताव, तुमचा असो की मॅनेजमेंटचा, या कसोटीवर घासून घ्या: विभागातल्या कुठल्याही माणसाला कागद-पेन्सिल घेऊन आपला पुढच्या वर्षीचा पगार काढता येतो का?

नोकरकपातीचा विषय यात मिसळू देऊ नका. पगाराच्या बाबतीत मी सीनिऑरिटीला मुरड घालायला तयार आहे, पण नोकरीवरून काढताना शेवटी आलेला आधी जाईल हा नियम आहे तसाच राहिला पाहिजे, जरी आज तो तुमच्यासारख्यांच्या अंगावर येत असला तरी. तो गेला तर सभेत आवाज चढवणारा माणूस पहिला बाहेर जाईल, आणि तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तो माणूस तुम्हीच असाल.

राहिला दादांचा प्रश्न. ते खरोखरच पाट्या टाकत असतील तर त्यावरचा उपाय कामाच्या वाटपात आहे. सुपरवायझरला पाळीचं काम नीट वाटून देता येत नसेल तर तो वर्षाचे गुण काय नीट देणार? आणि युनियननेही कामचुकाराला पाठीशी घालू नये. त्याने युनियनची पत जाते आणि तुमच्यासारखी मंडळी मॅनेजमेंटच्या प्रस्तावाकडे वळतात. पण आधी त्यांच्याशी सरळ बोला. कदाचित गुडघे साथ देत नसतील आणि कॉम्प्रेसरखाली शिरणं आता त्यांना जमत नसेल. मग वरून बघून सांगायचं काम त्यांनी मन लावून करावं, अर्ध्या वाक्यावर थांबू नये, एवढं तुम्ही हक्काने मागू शकता.

सभेआधी चार दिवस आहेत असं धरून चला. प्रस्तावाला नुसतं नाही म्हणू नका, उपसूचना लेखी द्या: इन्क्रिमेंट कायम, वरच्या टप्प्याचा कालावधी २४ वरून आठ वर्षांवर, आणि चाचणीवर आधारित कौशल्य-ग्रेड. आठ हा आकडा मी सुचवतोय, तुमच्याकडे काम बसायला खरोखर किती वर्षं लागतात ते विभागात विचारून तो बदला. सह्या फक्त तरुणांच्या घेऊ नका. दहा-बारा वर्षं झालेल्यांचा यात लगेच मोठा फायदा आहे, कारण ते एकदम वरच्या टप्प्याला पोचतात. ते तुमच्याकडे आले की कार्यकारिणीला ही पोरांची बंडखोरी म्हणता येणार नाही. उपसूचना पडली तरी मूळ प्रस्तावावर हात विरोधातच जाऊ द्या, आणि ती कार्यवृत्तात नोंदवून घ्या, म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावर मॅनेजमेंटने गुणांचा विषय पुन्हा काढला की तुमच्या प्रतिनिधींच्या हातात दुसरा कागद असेल.